भूषणच्या पाटावर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सकाळी चाळीसगावला उतरलो, तेव्हाच ऊन डोक्यावर बसलं होतं. मी पुण्याहून जेवायला आलो होतो, आणि ते जेवणही माझं नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा भूषण हिवाळ्यात ऑफिसातच कोसळला आणि गेला. पस्तिशीही गाठली नव्हती बिचाऱ्यानं. त्याच्या नावानं पाण्याची घागर भरायची ही पहिलीच आखाजी. त्याच्या वडिलांनी, नानांनी, मला पितर म्हणून बोलावलं होतं. खानदेशात या दिवशी गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पाटावर बसवून पोटभर वाढतात.

त्याच्या गावाकडे जाताना धुळ्याच्या वाटेवर एसटीचं चाक पंक्चर झालं. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत आम्ही सगळे मेंढरांसारखे उभे राहिलो. दोन्हीकडे नांगरलेली काळी रानं उघडी पडली होती. एका म्हातारीनं कुठे निघालास म्हणून विचारलं. सांगितल्यावर तिनं आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

गावात निंबांना झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. भूषणच्या घरात मात्र चुलीचाच काय तो आवाज. कोपऱ्यात भरलेली घागर, तिच्यावर खरबूज. नानांनी पाय धुवायला पाणी दिलं. भूषणची आई, अक्का, खापरावर (मातीच्या उलट्या भांड्यावर) पुरणपोळ्या टाकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पितरांच्या नावानं निखाऱ्यांवर तुपाचा घास पडला आणि मी पाटावर बसलो. पितर उठल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, म्हणून सारे माझ्या ताटाकडे बघत होते. पोळी, आमरस, कुरडई, कशाचीच चव लागेना. तेवढ्यात नाना समोर मांडी घालून बसले.

“खरं सांग भाऊ, मना पोऱ्या तठे सुखी व्हता का?” (माझा मुलगा तिथे सुखी होता का?)

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर ‘आपण एक कुटुंब’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. त्या भिंतीखाली भूषण डबा न उघडता काम करायचा आणि घरी फोनवर सगळं झकास म्हणायचा. मलाही तेच म्हणता आलं असतं. पण त्याच्या पाटावर बसून त्याचंच खोटं पुन्हा सांगायला जीभ रेटेना.

“नाही, नाना.”

अक्कांचा हात थांबला. पोळी करपल्याचा वास आला. नानांनी वाटी उचलून माझ्या ताटात आणखी रस ओतला.

“तो उपाशी गया,” ते म्हणाले. “तू पोटभर जेव.”

मी जेवलो. रडत जेवलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

निघताना अक्कांनी सांजोऱ्या (सांज्याच्या गोड पोळ्या) बांधून दिल्या आणि भूषणचं काम आता कोण करतं, असं विचारलं. मीच, म्हणालो. त्यांनी माझा हात धरला.

“मंग तू तरी येळवर घर जात जाय.” (मग तू तरी वेळेवर घरी जात जा.)

मी हो म्हणालो, अगदी मनापासून.

संध्याकाळी चाळीसगावच्या फलाटावर बसलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत जेवलास का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. इथं गेलेल्या माणसालाही विचारतात. हे असंच लक्षात ठेवायचं, असं ठरवून सांजोरीचा तुकडा मोडला आणि फोन वाजला. साहेबांचा होता. सुट्टीच्या दिवशी ते एकाच कामासाठी फोन करतात, भूषणच्या.

सांजोरी पुन्हा कागदात गुंडाळली आणि मी फोन उचलला.