मारबतीच्या वाटेतली खाट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर उजेडात, माझ्या मायच्या तोंडावर फिनाइल फवारलं.

माय खाटेवर होती. हगवणीने डोळे खोल गेलेले, लुगडं ओलं. मोहल्ल्यात अँब्युलन्स शिरत नाही, ती चौकात उभी. मी, माझा नवरा आणि दोन शेजारी खाट उचलून निघालो. समोरून मारबतीची मिरवणूक आली. गवताची बाई, आत चिंध्या. साऱ्या गावची रोगराई तिच्या माथी मारायची आणि वेशीबाहेर नेऊन जाळायची. बाहेर म्हणजे कुठे? आमच्या बौद्ध मोहल्ल्याच्या तोंडाशी. दरवर्षी.

"हगवण घेऊन जा गे मारबत!" सगळे ओरडत होते.

पुढे खताच्या दुकानाचा मालक. त्याच्या बांधीत मी कंबर मोडेपर्यंत धानाची रोवणी करते. त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप, आत फिनाइल.

"खाट मांगं घ्या," तो म्हणाला. "हगवण तुमच्याच मोहल्ल्यानं आनली. आता गावातून फिरवता काय?"

"भाऊ, माय मरून रायली," मी म्हटलं. भाऊ म्हटलं मी त्याला! अजून जीभ जळते.

त्याने नळी मायवर धरली. डोळ्यांत, मग तोंडात. तिच्यात खोकायचंही बळ नव्हतं. लोक हसले. हो, हसले. नवऱ्याने त्याचा हात धरला, तर नवऱ्याच्या डोक्यात काठी बसली. रक्त कानावरून खाटेवर.

माय एवढंच म्हणाली, "बाई, वापस चाल."

जन्मभर ती वापसच फिरली होती. विहिरीवरून, देवळाच्या पायरीवरून, ह्याच्या दुकानाच्या ओट्यावरून. माझं डोकं सणकलं. त्याची गचांडी धरली, नळी हिसकली आणि तीच त्याच्या थोबाडावर हाणली. दात पडला. मारबतीला लाथ घालून नालीत लोळवलं.

"उचला खाट!" मी किंचाळले. खाट चौकापर्यंत गेलीच, अँब्युलन्सपाशी.

माय वाचली नाही. सलाईन लावायला गेले तेव्हा शिरा सापडत नव्हत्या.

हगवण कुठून आली, ते मग तपासणीवाल्यांनी सांगितलं. साऱ्या गावची नाली आमच्या दारातून वाहते. गावाला पाणी नेणारा पाईप तिच्यातच बुडालेला, आणि फुटलेला. आम्ही उन्हाळ्यापासून बोंबलत होतो. ग्रामपंचायत "पाहू" म्हणत होती. गावाची घाण आम्ही प्यायलो, गावही प्यायलं, आणि रोगी ठरलो फक्त आम्ही.

आता गावातले शहाणे दारात येतात. "सणाचा दिवस होता, बाई. त्याच्यावरची केस वापस घे. कायले वाढवून रायली?"

नाही घेत. मारलं मी, तेही ठाण्यात सांगितलं. लपवायला मी काही चोरी केली नाही.

काल आम्ही बायांनी लोखंडी सब्बल घालून तो पाईप तोडला. गाव कोरडं पडलं आहे. येऊ द्या काठ्या घेऊन. नवा पाईप नालीच्या वरून टाकेपर्यंत या गावात कोणाच्याच घरी नळ येणार नाही. तोच जुना पाईप जोडायला जो येईल, त्याचे हात मोडीन.