पूजेतली कानस

भक्ती करतानाच हातून घोडचूक झाली, तर माणसाने रागवायचे तरी कोणावर? संस्थानी अमलात जव्हारला सरकारी मोटारीवर मी ड्रायव्हर असताना एका खंडेनवमीला मला हाच प्रश्न पडला. त्या दिवशी जो तो आपापली हत्यारे पुजतो आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाही. माझे हत्यार मोटारीची एकुलती एक किल्ली. मोठ्या भाविकपणाने ती मी आदल्या संध्याकाळीच देवीपुढे ठेवली. सकाळी शिळी फुले गोळा करून ओढ्यात सोडली, ती किल्लीसकट! एवढा मी शहाणा.

घरी परततो तोच मोखाड्याहून माणूस धापा टाकत आला. "दादा, तुमची बहीन कालपासून अडलीय. सुईनीनं हात टेकलं. डाक्टरला आना." डॉक्टर लगेच यायला तयार झाले, किल्ली मात्र देव्हाऱ्यात नव्हती. मी ओढ्याकडे धावलो. गुडघाभर पाण्यात चाचपडत देवीला एकच विनवीत होतो, माझी किल्ली दे. हाताला झेंडू लागले, किल्ली नाही. बैलगाडीने पोचायला संध्याकाळ झाली असती. तोवर बहीण जगेल का?

तसाच लोहाराकडे गेलो, बहिणीचे सांगून नवी किल्ली घडवून मागितली. त्याची हत्यारे हळदकुंकू लावून पाटावर मांडलेली. तो मान हलवून म्हणाला, "आज नाय दादा. आज हत्यार उचललं तं वरीसभर घरात सुख नाय." मला रडू फुटले. दाराशी बसलेली त्याची म्हातारी आई उठली. तिने पाटावरची कानस उचलून लेकाच्या हातात दिली. "देवी बी आईच हाय. कर काम. पाप लागलं तं माझ्या माथी."

लोहार पूजेतली पणती घेऊन मोटारीपाशी आला. पितळेची पट्टी ज्योतीवर धरून त्याने काजळी धरवली, ती कुलपात घातली आणि जिथे काजळी पुसली गेली तिथे कानस चालवली. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. पट्टी दर वेळी अडे आणि माझा जीव टांगणीला लागे. चौथ्यांदा मात्र ती फिरली. मी हँडल मारले नि मोटार सुरू झाली.

दुपारी मोखाड्यात डॉक्टर आत गेले आणि मी बंद दाराबाहेर बसलो असताना आतून बाळाचे रडणे ऐकू आले. पाठोपाठ बहिणीने क्षीण आवाजात पाणी मागितले, आणि मी ओसरीवरच डोके टेकले.

मी मागितलेली किल्ली देवीने दिलीच नाही. माझे नावही न विचारता माझ्या बहिणीसाठी पाप पदरात घेणारी एक म्हातारी मात्र दिली. तेव्हापासून देवाकडे मी काही मागत नाही. अडचण तेवढी सांगतो आणि हात जोडून गप्प बसतो.