डालड्याच्या डब्यातला अननस

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे पान कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं.

आम्ही तेव्हा अंधेरीला चाळीत राहत होतो. दोन खोल्या, सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ. चार बायकांत बसून बोलणं मला जमायचं नाही, म्हणून असेल, झाडांचा नाद लागला. नाक्यावरचा रसवाला अननसाचे शेंडे टोपलीत फेकायचा. मागायची लाज वाटायची. त्याची पाठ वळली की उचलून आणायचे. पहिले दोन कुजले, कारण खालचा गर तसाच ठेवून लगेच मातीत रोवले होते. पुढच्या वेळी गर काढला, खालची पानं सोलली, शेंडा काही दिवस सावलीत वाळवला आणि डालड्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात लावला. तो जगला. दोन वर्षं नुसती पानंच. त्यांचे काटे गॅलरीतून जाणाऱ्यांच्या पोटऱ्यांना ओरखडायचे आणि शिव्या मी खायचे. मग एका सकाळी मधोमध लाल बोंड दिसलं.

बोंडाचं फळ होत आलं तेव्हा कळलं, जावेला दिवस गेलेत. आधी दोनदा तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. घरात सगळे हळू बोलायला लागले. भांडं पडलं तरी सासूबाई दचकायच्या. पोटुशीला अननस म्हणजे विष, असंच त्या कोकणात लहानपणापासून ऐकत आलेल्या.

"ता झाड आधी भायर टाक," त्या मला म्हणाल्या. "पोटुशी घरात आसा आणि तू अननस पिकवतंस?"

जाऊच मध्ये पडली. "असू दे ना, आई. ताईंनी दोन वर्षं वाट बघितलीय. मी बघणार पण नाही त्याच्याकडे."

झाड राहिलं. फळ पिवळं पडायला लागलं तसा वास खोलीत यायला लागला. मी डबा गॅलरीच्या टोकाला, मासळी विकणाऱ्या मावशींच्या दाराशी नेऊन ठेवला.

एका दुपारी धुणं धुऊन आले, तर झाडावर फळ नव्हतं. मोरीत सालं पडली होती. जाऊ विळीपाशी बसलेली, हनुवटीवर रस. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सालं कागदात गुंडाळून खाली टाकून आले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती भिंत धरून उभी राहिली. "ताई, साडी भिजलीय."

पुरुष कामावर गेलेले. सासूबाई धावत गॅलरीत गेल्या, डब्यातलं फळ गेलेलं बघून परत आल्या.

"तूच दिलंस मा तिका?"

मी जावेला धरून चटईवर निजवलं. तिने डोळे मिटून घेतले.

घरात टॅक्सीपुरतेही पैसे नव्हते. मावशींनी कमरेची पिशवी सोडून होत्या तेवढ्या नोटा माझ्या मुठीत कोंबल्या. "बघतेस काय गं? ने तिला आधी!"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ होतं. मी चाचरत अननसाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "अननस खाल्ल्याने असं होत नाही. पण हिला आता उठू द्यायचं नाही."

सासूबाईंना ते पटलं नाही. "डाक्टरणीक काय कळता? मावशीचे पैसे तूच फेड," एवढंच म्हणाल्या. माझ्या हातचं पाणीसुद्धा जावेला देईनाशा झाल्या. ती आतल्या खोलीत पडून, मी बाहेर लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसायचे. तिने नुसती कूस बदलली तरी माझी सुई थांबायची. तिसरा महिना गेला, चौथा गेला, तरी भीती जाईना. मावशींना मी जमतील तसे पैसे देत राहिले. जावेने काही सांगितलं नाही, मीही तिला विचारलं नाही. विचारलं आणि तिला काही झालं तर?

दिवस भरले आणि मुलगी झाली. चांगली ठणठणीत.

पोर मान धरायला लागली तेव्हा राहिलेले वीस रुपये घेऊन मी मावशींच्या दारात गेले. त्या मासळीची पाटी धूत होत्या.

"कसले गं हे? तुझी जाऊ सकाळीच देऊन गेली. सासूला पण घेऊन आली होती."

"सासूबाई?"

"मग! तिच्यासमोरच म्हणाली, अननस मी तोडला, मीच खाल्ला, ताईने का फेडायचे?" मावशींनी हात पदराला पुसले आणि माझी मूठ मिटवली. "ठेव ते. तुझ्याकडे माझं काही बाकी नाही आता."