अक्कांना दिसलेली रेघ

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, होटगीला आईकडे गेले की तिच्याजवळही नाही. आज तुम्हाला सांगतेय म्हणजे मला धीर आलाय असं समजू नका. धीरबीर काही नाही — दोनदा उठून पाणी पिऊन आलेय. कुठून सुरू करू? आधी कामाचं सांगते. ते सोपं आहे. त्यात मी हुशार दिसते.

सोलापूरजवळ एमआयडीसीत मी एका छोट्या कंपनीत कामाला आहे. बॉयलरला लागणारे प्रेशर स्विच आम्ही बनवतो. बॉयलरमधला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की स्विचनं तुटायचं, म्हणजे बंद होऊन बॉयलरची आग थांबवायची, एवढंच त्याचं काम. पण ते त्यानं केलंच पाहिजे. म्हणून प्रत्येक नग टेस्ट बेंचवर, तपासणीच्या टेबलावर, लावायचा, नळीतून हवा भरायची आणि तो वेळेवर तुटतो का ते बघायचं. बेंचवरच्या सेन्सरचा सिग्नल एक कार्ड वाचतं आणि कॉम्प्युटरला आकडे देतं. कॉम्प्युटर त्याची रेघ काढतो आणि खाली हिरव्यात पास किंवा लाल अक्षरांत फेल दाखवतो. तो प्रोग्राम माझा.

आता, कार्ड हाताशी नसेल तर प्रोग्राम तपासायचा कसा? त्यासाठी खोटं कार्ड उभं करतात. आमच्या भाषेत सिम्युलेशन. खऱ्या कार्डाला जे नाव, तेच खोट्याला द्यायचं, आणि प्रोग्रामला फरक कळत नाही. यात लबाडी काही नाही, सगळेच करतात. मीही केलं होतं. एका चांगल्या नगाची खरी टेस्ट रेकॉर्ड करून ठेवली होती आणि सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ ठेवली होती — सिम्युलेशन एक म्हणजे रेकॉर्ड केलेली रेघ, शून्य म्हणजे खरं कार्ड. एक आणि शून्य. बास.

मग एकदा कार्ड बिघडलं. नवीन यायला आठ-दहा दिवस लागणार होते आणि दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे लोक बेंच बघायला येणार होते. सर, म्हणजे आमचे मालक, त्यांना आधीच सांगून बसले होते की बेंच एकदम तयार आहे. सरांना नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. मी एक टाकला. पाहुणे आले, सुंदर रेघ बघून खूश झाले, भेळ खाऊन गेले. नवीन कार्ड आल्यावर मी ते बसवलं, कॉम्प्युटरनं ओळखलं का ते बघितलं — ओळखलं होतं — आणि हात झटकून दुसऱ्या कामाला लागले. शून्य करायला विसरले.

इथंवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय म्हणून विचारू नका.

तीन आठवडे बेंच तशीच चालली. नळीत खरी हवा जात होती, आणि पडद्यावर मात्र त्या एकाच जुन्या नगाची रेघ. फेल काही निघेना. संशय यायला पाहिजे होता ना? उलट सरांनी जिलेबी वाटली. रिजेक्शन बंद झालं म्हणून. मीही खाल्ली.

बेंचवर अक्का असायच्या. पन्नाशीच्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. लग्नाआधी माहेरच्या मागावर चादरी विणलेल्या, मग वीस वर्षं विड्या वळलेल्या. तंबाखूनं छाती भरून यायची म्हणून ते सोडून आमच्याकडे लागल्या होत्या. गळ्यातलं ओळखपत्र घरी जाईपर्यंत काढायच्या नाहीत. आम्ही चिडवायचो, अक्का, झोपतानाही घालता काय? तर म्हणायच्या, "घालते की. तुमाला काय करायचंय?"

एकदा जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी मला बेंचपाशी बोलावलं. म्हणाल्या, "मॅडम, रागवू नका. पन ही रेघ तीच तीच येतीय. हितं शेवटाला बारीक खड्डा पडतोय बघा — प्रत्येक नगाला, तितंच. चादरीत बुट्टा फिरून येतो का न्हाय, तसं. एवढं सारखं कसं असंल?"

मी तीन वर्षं लिहिलेल्या प्रोग्रामवर, चार माणसांसमोर, त्यांनी बोट ठेवलं होतं. मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही नळी नीट घट्ट लावत जा. रेघेचं मी बघते." शेजारचा सुपरवायझर हसला. अक्का पुढचा नग लावायला लागल्या.

जागेवर येऊन मी फाईल उघडली. रागातच उघडली, त्यांना खोटं पाडायला. सिम्युलेशन — एक.

तेव्हा मी काय करायला पाहिजे होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. उठायचं, सरांच्या केबिनमध्ये जायचं आणि सांगायचं की तीन आठवड्यांचा माल तपासलेलाच नाही, परत मागवा. वीस पावलं असतील. मी एक पुसून शून्य केलं, फाईल सेव्ह केली आणि डबा खायला गेले. डब्यात शेंगाची चटणी होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले? फोन वाजला की आधी कुणाचा ते बघायची. बॉयलर हा शब्द कुणी उच्चारला तरी मी वळून बघायची. गेलेला माल चांगलाच असेल, असं मनाला समजवायची. शंभरात दोन-तीनच तर खराब निघतात. आणि मग रात्रंदिवस ते दोन-तीन कुठं असतील याचाच विचार.

एक सापडला. एका साखर कारखान्यात दाब वाढला तरी आमचा स्विच तुटला नाही. सेफ्टी व्हॉल्व उघडून वाफ बाहेर गेली म्हणून निभावलं. कुणाला लागलं का, हे मी पहिलं विचारलं. कुणाला लागलं नव्हतं. सगळा माल परत आला, पुन्हा तपासला आणि त्यात आणखी खराब नग निघाले. मग प्रश्न आला, हे पास झाले कसे?

सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. सुपरवायझर म्हणाला, ह्या बाई नळी सैल लावतात, मॅडमनी पण त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं. माझंच वाक्य. मी तेव्हा रागानं फेकलेलं. नळी सैल असली तर दाबच भरणार नाही आणि नग पास नाही, फेल होईल — हे त्या खोलीत फक्त मला नीट कळत होतं. अक्का म्हणाल्या, "सायेब, मी मॅडमना सांगिटलं होतं. रेघ तीच तीच येतीय म्हनून. इचारा त्यांना."

सरांनी माझ्याकडे बघितलं. अक्कांनीही बघितलं — अगदी निर्धास्तपणे. मी सांगणारच, याची त्यांना खात्री होती.

मी म्हणाले, "नाही सर, रेघेबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. नळीबद्दल मात्र मीच त्यांना बोलले होते."

हेच ते. एवढं सांगायला मी इतक्या लांबून आले.

अक्का भांडल्या नाहीत. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की माणूस बघतो तसं. संध्याकाळी त्यांनी ओळखपत्र गेटवर जमा केलं. मी खिडकीतून बघितलं. खाली गेले नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली; आज मी टेस्टिंग विभागाची प्रमुख आहे. प्रोग्राममध्ये आता सिम्युलेशन चालू असलं की पडद्यावर लाल पट्टी येते. सर ती पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात, मॅडमची कल्पना म्हणून.

गेल्या महिन्यात अक्का मला भाजी मंडईत भेटल्या. पुन्हा विड्या वळतात. बोलताना मध्येच थांबून खोकत होत्या. मी तोंड चुकवायच्या आत त्यांनीच हाक मारली, हात धरला, पोरं कितवीला आहेत विचारलं. सोबत सून होती. तिला सांगितलं, ह्या आमच्या मोठ्या मॅडम, लई हुशार. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, एवढी वर्सं झाली, मी इचार करून बघते. तुमी म्हनला तसंच असंल. मी रेघेचं तुमाला बोलले असं मला वाटलं, पन बोललेच नसंल. आन नळी माज्याकडूनच सैल ऱ्हायली असंल. त्यात कुनाचा जीव गेला असता तर, वो?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सून पिशवी सांभाळत बाजूला उभी होती. घाई नव्हती, सर नव्हते, नोकरी जाण्याची भीती नव्हती. मला कुणी अडवलं नव्हतं.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ द्या अक्का. होतं असं एखाद्या वेळी माणसाकडून."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी मला थँक्यू म्हटलं.