आठ वर्षांची कंबर

उजवा तळहात कमरेवर सपाट ठेवून ती दारातच उभी राहायची आणि मी काही विचारायच्या आत सांगून टाकायची, "आज उधान हाय गो बाय."

वसईतल्या एका लहानशा फिजिओथेरपी केंद्रात मी काम करते. जुनाट दुखण्याच्या पेशंटना आम्ही सावकाश हालचालींचे व्यायाम शिकवतो. श्वासाबरोबर हात वर, श्वासाबरोबर खाली, लक्ष सगळं अंगाकडे. त्याआधी प्रत्येकाला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आज दुखणं किती? पाचूबंदरची ही मासेवाली मावशी आकड्यात कधी बोललीच नाही. दुखणं पुनवेच्या मोठ्या भरतीसारखं खवळलं की उधान, अष्टमीच्या लहान भरतीच्या पाण्यासारखं निवांत असलं की भांग. माझ्या बापजाद्यांनी मिठागरात जन्म काढला, त्यामुळे मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उधाणाला मी आठ लिहायची, भांगाला तीन.

"आणि शून्य कधी लिहू, मावशी?"

"मेल्यावर लिव."

आठ वर्षं तिची कंबर धरलेली. तेवढी वर्षं माशांची पाटी सून बाजारात नेत होती आणि ही घरी. व्यायामात सुरुवातीला तिचा जीव रमेना. बाकीचे डोळे मिटून हात हलवायचे, ही एक डोळा उघडा ठेवून सगळ्यांना बघायची. म्हणायची, "एवढ्या येळात टोपलीभर कोलंबी सोलून झाली असती."

तरी यायची. आणि चार महिन्यांनी भांग, पुन्हा भांग. एक दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठली. नवा एमआरआय मात्र जुन्यासारखाच. मणका होता तसाच.

माझा गोंधळ झाला. डॉक्टरांना विचारलं, मग बदललं काय? ते म्हणाले, "दुखणं जुनं झालं की मेंदूला इशारे देत राहायची सवय लागते. अशा व्यायामाने ती सवय थोडी सैल होत असावी. नक्की कशी, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

तेवढ्यावर मी तज्ज्ञ झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. बी.एस्सी.चं प्रमाणपत्र ओटीवर फ्रेम करून लावलंय, आणि समजावून सांगायची संधी मी सोडत नाही. मावशीला म्हणाले, "कमरेत काही नाही हो. दुखणं मेंदूत होतं. आता मेंदू शिकला."

सून शेजारीच बसली होती. तिने वळून विचारलं, "म्हंजे आई, आठ वर्षं सगळं डोक्यातच होतं?"

मावशीने पिशवी उचलली. जाताना मला एवढंच म्हणाली, "मी सोंग नाय केला गो."

पुढच्या वेळी उधान. त्याच्या पुढच्या वेळीही उधान. व्यायामाला हात उचलेना. पण खिडकीतून मी पाहिलं, घरी जाताना रिक्षात ती सहज चढली. आता आठ लिहायचे की तीन? डॉक्टर म्हणाले, "त्या सांगतात ते लिहा. लोकांना आपलं खरं वाटत नाही हे कळलं, की दुखणं खरंच वाढू शकतं." म्हणजे आठ खरे. मग ती रिक्षा? तुम्ही माझ्या जागी असता तर काय लिहिलं असतं? मी आठ लिहिले, आणि मला ते पटले नाहीत. मग वाटलं, मीही सुनेसारखंच करतेय की.

त्यानंतर ती यायचीच बंद झाली, म्हणून मी पाचूबंदरला गेले. मावशी उंबऱ्यात बसली होती, सून अंगणात बोंबील वाळत घालत होती. सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "चूक माझी आहे, मावशी. मेंदूत म्हणजे खोटं नव्हे. ठेच लागली तरी ती मेंदूलाच कळते. तुमची कंबर खरंच दुखत होती."

मावशीने सुनेकडे पाहिलं. "आयकलंस?"

"मी खोटं कधी म्हटलं, आई? मी विचारलं फक्त." सुनेच्या हातात बोंबील तसेच राहिले. "आठ वर्षं पाटी माझ्या डोक्यावर हाय. माझी मान कुणी विचारली? झोपताना कुशी बदलवत नाय मला. मी कुठे बोलले?"

मावशी घरात कुणी नवीन माणूस आलंय तशी सुनेकडे बघत राहिली. मी चहा न घेताच निघाले. माफी मागायला गेले होते, ती मिळाली की नाही हेही कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी सून एकटीच आली. "आईंनी पाठवलं, माझी मान दाखवायला. आज बाजारात त्या बसणार."

"पाटी कुणी नेली?"

"त्यांनीच. डोक्यावर चढवायला मी हात लावला, तेवढाच."

मावशी त्यानंतर केंद्रात कधी आली नाही. तिच्या कागदावर शेवटी आठच राहिले. बाजारात लांबून दोनदा दिसली, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना. बसलेल्या माणसाची कंबर कशी आहे, ते लांबून कळत नाही, आणि जवळ जायचा मला धीर झाला नाही.

त्या मंगळवारी मी सुनेला विचारलं होतं, "पण त्यांना दुखतंय का?"

"मी पण विचारलं."

"मग?"

"म्हणाल्या, तू जा, तुला उशीर होतोय."