मावशींनी सुचवलेली परीक्षा

मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते. सांगलीची, मॅट्रिक झालेली, आणि साताऱ्याच्या एका सेवाभावी संस्थेत बायांचे साक्षरता वर्ग चालवणारी. एकसष्ट-बासष्टचा सुमार असेल. नव्या शिक्षिकांना तयार करायचं काम संस्था माझ्याकडेच द्यायची, त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं.

पाटणच्या बाजूला एका गावात माझा वर्ग दुपारचा, शाळेच्या पडवीत भरायचा. अकरा बाया. चार महिन्यांत त्या पुस्तकातले धडे घडाघडा वाचायला लागल्या आणि मी हरखून गेले. संस्थेचा शिरस्ता असा, की कार्यवाह येऊन परीक्षा घेणार. बाया पास झाल्या की तिथला वर्ग बंद आणि शिक्षिकेनं पुढचं गाव धरायचं.

कार्यवाह म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. ते एकेक धडा काढून देत आणि बाई तो वाचून दाखवी. बोट ओळीवरून फिरतंय, आवाज खणखणीत. सात जणी पास झाल्या. आठव्या होत्या मावशी, वयानं साऱ्यांत मोठ्या, शेतावरून थेट आलेल्या. त्यांनी निम्मा धडा वाचला आणि पुस्तक मिटून गुरुजींपुढं ठेवलं.

"आवं गुरुजी, मला वाचाय येत न्हाई. ह्ये पाठ हाय."

"बोट तर बरोबर फिरत होतं तुमचं," गुरुजी म्हणाले.

"बाई फिरवत्यात तसं फिरवलं. दोनदा ऐकलं की आमच्या ध्यानात ऱ्हातंय. जात्यावरच्या गाण्यांचं तसंच हाय की."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. पास होत होत्या, गप बसायला काय झालं होतं? मी तसं फटकन बोललेही. मावशींचा आवाज काही चढला नाही.

"बाई, पास झालो की तुमी जाणार. मग आमाला शिकवणार कोण? सुनंला घिऊन मिरजंला दवाखान्यात गेलते. हातात चिठ्ठी, दारादारावर पाट्या, आन आमी दोघी दिसभर भलत्याच दारात बसून. मला वाचायचंय बाई. नुसतं पास न्हाई व्हायचं."

मग पास झालेल्यांतली एक जण "माझंबी पाठच हाय" म्हणाली, आणि तिच्या मागोमाग दुसरी.

गुरुजींनी चष्मा काढला. "मावशी, मग पाठ आहे की वाचता येतंय, हे आम्ही ओळखायचं कसं?"

"त्यात काय? मदल्याच शब्दावर बोट ठिवा. पाठ असंल तर पयल्यापास्नं म्हणल्याबिगर तिथवर येता येत न्हाई."

मी थक्क होऊन बघत राहिले. दुसऱ्यांना शिकवायला शिकवणारी मी, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. पुढच्या महिन्यात साताऱ्याच्या बैठकीत आम्ही सगळ्या शिक्षिकांनी हीच पद्धत धरली आणि एकमेकींच्या वर्गांची परीक्षा घेतली. निम्मे वर्ग आपटले. काही जणी माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पण आपलं काम खरंच होतंय का, हे विचारायला आम्ही तेव्हापासून शिकलो.

त्या दुपारी गुरुजींनी पहिलं बोट मावशींसाठीच ठेवलं, ओळीच्या मधोमध. मावशींनी बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

"न्हाई येत."

गुरुजींनी हजेरीपट माझ्याकडे सरकवला. मी मावशींच्या नावापुढं निकाल लिहिला. मावशी वाकून बघत होत्या.

"ह्ये माझं नाव," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट पुढं सरकलं आणि थांबलं. "ना... पा... स. नापास."

हा शब्द आमच्या कुठल्याच धड्यात नव्हता. माझे डोळे भरून आले. मी तो खोडायला टाक उचलला, तेवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या बाई. एका शब्दानं काय व्हतंय? उद्या वर्ग हाय न्हवं?"