बांगड्यांची पक्की गुलाबी

शाळेत असताना माझ्या लेखी चांगली रंगपेटी म्हणजे जास्त वड्यांची. बारापेक्षा अठरा चांगल्या, अठरापेक्षा चोवीस. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. रंग कसे निवडावेत हे सांगणारं कोणी नव्हतं. नांदेडला चित्रकला शिकायला आलो तेव्हाही चोवीस वड्यांचीच पेटी घेतली.

तिथल्या बाजारात लाखेच्या बांगड्या विकणाऱ्या एका चाचांनी मला दुकानाच्या ओट्यावर बसून रेखाटनं करू दिली. गिऱ्हाईक आलं की थोडं सरकावं लागे, पण 'ऊठ' असं ते कधी म्हणाले नाहीत. पुढे लातूरच्या एका शाळेत ड्रॉइंगचा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा मी त्यांना त्यांच्याच दुकानाचं चित्र दिलं. त्यात समोर गुलाबी बांगड्यांची रांग होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून चाचांनी ते दाराशी टांगलं.

दोन वर्षांनी गेलो, तर चित्रातल्या बांगड्या राखाडी पडलेल्या. दाराशी दुपारभर ऊन असतं.

"या सर," चाचा म्हणाले. "तुमची गुलाबी तर पळून गेली बघा. आम्ही कच्च्या रंगाची बांगडी बदलून देतो. तुमच्यात काय रिवाज हाय?"

दुकानातल्या बायका हसल्या. मीही हसलो, पण आतून शरमलो. ज्यांनी मला बसायला जागा दिली त्यांच्याच दाराशी माझी कच्ची वस्तू लटकत होती.

"बदलून देतो," म्हणालो आणि फ्रेमसकट चित्र लातूरला नेलं.

त्यानंतर मी रंगांच्या नळ्या वाचायला शिकलो. पुढच्या बाजूला नुसतं 'रोझ' लिहिलेलं असतं. आत खरं काय आहे ते मागे बारीक अक्षरांत, रंगद्रव्याच्या क्रमांकावरून कळतं. एकाच नावाच्या दोन नळ्यांत वेगवेगळी द्रव्यं निघतात. मी तीन गुलाबी नळ्या आणल्या. प्रत्येकीची पट्टी कागदावर ओढली, अर्धी काळ्या कागदाने झाकली आणि पश्चिमेच्या खिडकीला चिकटवली. उन्हाळा सरल्यावर काळा कागद काढला. दोन पट्ट्यांवर मधोमध स्पष्ट रेघ उमटली होती. तिसरी मी पुन्हापुन्हा उजेडात धरली. झाकलेला भाग कुठला आणि उघडा कुठला, ते कळेना.

घरी काम करताना मी नळीतून ताजा रंग घेतो. प्रवासासाठी रंग पत्र्याच्या डबीतल्या छोट्या कप्प्यांत भरून वाळवतो. काही नळ्यांतल्या रंगात मध असतो, तो पुरता वाळत नाही; असे रंग एकदा उन्हाळ्यात एसटीत पातळ होऊन सगळ्या पिशवीला लागले, तेव्हापासून ते घरीच ठेवतो. चाचांकडे निघालो तेव्हा डबीत सहाच रंग होते, त्यात ती तिसरी गुलाबी. तीच जुनी फ्रेम सोबत घेतली होती.

ओट्यावर बसून सकाळपासून चित्र काढलं. बांगड्या शेवटी रंगवल्या. कागद वाळल्यावर फ्रेममध्ये बसवला आणि आतल्या सावलीतल्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"इथं लावू या, चाचा."

"आत कोण बघणार?" त्यांनी हातोडी घेतली. "रंग पक्का हाय ना?"

एका उन्हाळ्याची एक पट्टी, एवढाच माझ्याजवळ पुरावा होता.

"हाय," मी म्हणालो आणि दाराशी खिळा धरून उभा राहिलो.